स्थापत्य अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष : विषय कोणते घ्यावेत?

व्यापारी संघाच्या वार्षिक स्मरणिकेत विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या सभासदांच्या घरांतच मिळण्यासारखे आहे. सिमेंट, लोखंड, लाकूड, लाद्या, रंग व नळसामान ह्यांचा व्यापार करणारी, आणि अलीकडच्या दोन पिढ्यांत प्रत्यक्ष इमारती बांधू लागलेली कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांचे मुलगे, आणि आता मुलीही, स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीसाठी शिकत आहेत. पहिली तीन वर्षे सर्वांचे विषय बहुतांशी एकच असतात. तेथे निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. शेवटच्या वर्षी मात्र विद्यार्थ्यापुढे ऐच्छिक विषयांची यादी येते आणि थोड्याच दिवसांत तीवर खुणा करून द्यावयाच्या असतात. त्या दिवसांत घरी जो विचार होतो तो बहुधा एका वाक्यात आटोपतो : “आपला धंदा बांधकामाचा, तेव्हा तू बांधकाम-व्यवस्थापन घे.” हा सल्ला देणाऱ्या वडिलांचा हेतू चांगला असतो. सल्ला मात्र, माझ्या मते, नेमका उलटा आहे.

ऐच्छिक विषयांची यादी प्रत्येक विश्वविद्यालयात थोडीफार निराळी असते. तथापि तिच्यातील विषय पाच-सहा शाखांत सहज वाटता येतात. एक शाखा रचनांची : प्रगत रचनाविश्लेषण, पूर्वप्रतिबलित काँक्रीट, पूल, भूकंपरोधक रचना. दुसरी जमिनीची : मातीचे परीक्षण, पाया, उतारांची व मातीच्या भिंतींची स्थिरता. तिसरी पाण्याची : जलविज्ञान, पाटबंधारे, पावसाच्या पाण्याचा निचरा. चौथी पूर्वी सार्वजनिक आरोग्याची म्हणत, आता पर्यावरणाची म्हणतात : पाणी शुद्ध करणे, सांडपाणी, घनकचरा. पाचवी रस्ते, रेल्वे व वाहतुकीची. आणि सहावी व्यवस्थापनाची : अंदाजपत्रक, निविदा, करार, वेळापत्रक, यंत्रसामग्री. ह्यांतून विद्यार्थ्यास दोन-चार विषय घ्यावयाचे असतात व जोडीस एक प्रकल्प पुरा करावयाचा असतो.

निवडीची कसोटी कोणती असावी? गुण कोठे अधिक मिळतात, नोकरी कोठे लौकर लागते, मित्र काय घेत आहेत, ह्या कसोट्या सर्वांस ठाऊक आहेत. मी येथे एक निराळी सुचवितो. कामावर माणूस शिकतो तो चुकीतून. गवंड्याने गिलावा वाकडा केला, तर ते त्याच दिवशी ओळंब्यास दिसते व दुसऱ्या दिवशी हात सुधारतो. मालाचा दर चुकला, तर महिनाअखेरीस वही बोलते. फार तर दिवाळीच्या वहीपूजनाच्या आत सर्व उघड होते. परंतु पाया चुकला, तर भिंतीस चीर पडावयास तीन पावसाळे जावे लागतात. तोवर तो पाया घालणारा मुकादम, त्याचे मजूर, इतकेच काय पण त्या वेळचा अभियंतादेखील दुसऱ्या कामावर, कदाचित दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्या चिरेपासून त्यांच्यापैकी कोणीही काही शिकत नाही. चूक आणि तिचे फळ ह्यांच्यामधील काळ जितका लांब, तितका तो विषय कामावर शिकणे अशक्य. आणि तितकाच तो प्रयोगशाळेत व ग्रंथांतून, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली शिकणे अगत्याचे.

ही कसोटी लाविली की यादी आपोआप निराळ्या क्रमाने दिसू लागते. व्यवस्थापनाचा विषय तळाशी जातो, कारण त्यातील चुका महिन्या-दोन महिन्यांत कळतात आणि त्या दाखवून देणारी माणसे घरीच बसलेली असतात. ज्या मुलाने दहाव्या वर्षापासून उधारी, दरकरार, मजुरांचा चुकारा व बिलांची थकबाकी ह्यांवरील संभाषणे जेवताना ऐकली आहेत, त्यास तोच विषय शुल्क भरून पुन्हा ऐकविण्यात काय हशील? जमीन, पाणी, भूकंप, पूल हे विषय वर येतात.

ह्या ठिकाणी शेठ वालचंद हिराचंद ह्यांची आठवण होणे साहजिक आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी महाविद्यालयाची पदवी पुरी केली नव्हती. अभियंते तर ते नव्हतेच. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक ह्यांच्याबरोबर भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारीस आरंभ केला, आणि पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी कामे त्यांच्या मंडळींनी पार पाडली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापिली. भांडवल उभे करणे, माणसे जोडणे, निविदेचा आकडा हेरणे ही विद्या त्यांस पेढीवर मिळाली होती. डोंगराच्या पोटातील खडक कसा वागेल हे सांगावयास मात्र त्यांस अभियंते नेमावे लागले. त्यांचे नाव आज ज्या महाविद्यालयास आहे, ते १९४७ साली निघालेले सांगलीचे महाविद्यालय अभियांत्रिकीचे आहे. आपल्या मुलांस जर दोन्ही विद्या एकाच देही मिळण्याचा योग असेल, तर महाविद्यालयाने त्यांस दुसरी द्यावी. पहिली आपण देऊच.

आता जमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागात तिचे महत्त्व सर्वांत अधिक आणि तिची हेळसांडही सर्वांत अधिक. डभोई-करजणकडील काळी कपाशीची जमीन आपल्या परिचयाची आहे. बडोदे शहराच्या वाढत्या उपनगरांतही चिकण मातीचे थर वारंवार लागतात. ह्या मातीचा स्वभाव असा की, पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात सुकून आकसते. उन्हाळ्यात शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्यामुळेच. फुगणारी माती पायास वर लोटते, आकसणारी त्याचा आधार काढून घेते. दुमजली हलक्या घरास हा उचलाउचलीचा खेळ जड इमारतीपेक्षा अधिक बाधतो, कारण मातीचा जोर दाबून धरण्याइतके त्याचे वजनच नसते. “लहान घर आहे, त्यास मातीची परीक्षा कशास हवी?” असे म्हणणारे नेमके येथेच फसतात.

ही माती ओळखण्याची एक अगदी सोपी परीक्षा अभ्यासक्रमात शिकवितात. ती येथे सांगतो म्हणजे विषयाची गोडी कळेल. भट्टीत सुकविलेली व ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १० ग्रॅम प्रमाणे दोनदा घ्यावी. १०० मिलिलिटरची दोन काचेची मोजपात्रे घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे, दोहोंत माती टाकून हवेचे बुडबुडे ढवळून काढावेत व २४ तास स्वस्थ ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यात, फुगणारी असल्यास, फुगते. समजा, रॉकेलातील मातीचा थर १२ मिलिलिटरवर राहिला आणि पाण्यातील २० वर चढला. फरक ८, त्यास १२ ने भागून शंभराने गुणले म्हणजे सुमारे ६७ टक्के आले. भारतीय मानकाच्या वर्गीकरणाप्रमाणे हा आकडा ५० च्या आत असेल तर फुगण्याचा धोका थोडा, ५० ते १०० असेल तर मध्यम, १०० ते २०० असेल तर मोठा आणि त्यापुढे अतिशय मोठा. आपली माती मध्यम वर्गात पडली. एवढ्यावर पाया ठरत नाही हे खरे. मातीच्या धारणशक्तीची व इतर परीक्षा कराव्याच लागतात. परंतु दोन काचपात्रे व एक दिवस एवढ्या खर्चात सावध होण्याची वेळ आहे की नाही हे तर कळते!

सावध झाल्यावर काय करावयाचे, हेही ह्याच विषयात येते. ऋतूंप्रमाणे मातीचा ओलावा बदलतो तो वरच्या थरांत. सुमारे साडेतीन मीटरांच्या खाली हा बदल नगण्य होतो. तेव्हा पाया त्या स्थिर थरात रोवावा, ह्या विचारावर तळाशी कंद असलेले खुंट, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, बसविण्याची पद्धत आपल्या देशात रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली. खुंटाच्या तळाशी त्याच्या व्यासाच्या अडीचपट रुंद असा फुगवटा खोदून काँक्रीट भरतात. वरची माती खुंटास वर ओढू लागली, तरी हा कंद खालच्या मातीत जखडलेला राहतो. शिवाय वरची तुळई मातीवर टेकू न देता मध्ये मोकळी जागा ठेवितात. ही मोकळी जागा कामावर अनेकदा मातीने भरून टाकिली जाते. कारण मुकादमास ती राहून गेलेली उणीव वाटते. त्यास कोणी कारण सांगितलेलेच नसते. कारण ठाऊक असलेला एक जण कामावर असणे म्हणजे काय, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

आपल्या इमारती बांधणाऱ्या सभासदांनी ह्या संदर्भात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील, म्हणजेच रेराच्या, १४ व्या कलमाचे तिसरे उपकलम पुन्हा एकदा वाचावे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेत किंवा कारागिरीत दोष दाखविला गेला, तर तो विकासकाने ३० दिवसांच्या आत विनामोबदला दुरुस्त करून द्यावयाचा आहे. मघाशी म्हटले की पायाची चूक तीन पावसाळ्यांनी उघड होते. ह्याचा अर्थ ती बरोबर आपल्याच खाती येते. पूर्वी चूक व फळ ह्यांतील अंतर व्यापाऱ्यास वाचवीत असे. कायद्याने ते दार बंद केले. जमिनीचा विषय घेतलेला मुलगा किंवा मुलगी घरी असणे हा आता केवळ विद्येचा प्रश्न राहिलेला नाही, हिशेबाचाही झाला आहे.

पाण्याकडे वळू. आपल्या शहराचा पाण्याशी असलेला संबंध दुहेरी आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत शहराच्या पूर्वेस आजव्याचा सयाजी सरोवर तलाव बांधला गेला व बडोद्यास नळाने पाणी मिळू लागले. तो तलाव आजही शहराच्या एका भागास पाणी पाजतो. परंतु पावसाळ्यात त्याच बाजूने येणारे पाणी पावागडच्या डोंगरांतून निघालेल्या विश्वामित्रीस मिळते आणि ती नदी वळणे घेत शहराच्या मध्यातून जाते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि अनेक वस्त्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या. आपल्या कित्येक सभासदांच्या दुकानांतील व वखारींतील माल त्या पाण्यात गेला. पुढे २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र खोल व मोकळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. पूर आला की आपण आकाशाकडे व महापालिकेकडे बोट दाखवितो. थोडे गणित केले, तर आपल्या अंगणाकडेही एक बोट वळते.

ते गणित असे. दहा हेक्टरांचे एक शेत आहे असे समजा, आणि त्यावर तासास ६० मिलिमीटर ह्या वेगाने पाऊस पडतो आहे. पडलेल्यापैकी किती पाणी वाहून जाते ते जमिनीच्या प्रकारावर अवलंबून असते. शेतासाठी हे प्रमाण सुमारे ०·३ धरू. प्रमाण, पावसाचा वेग व हेक्टर ह्यांचा गुणाकार करून त्यास ३६० ने भागले, म्हणजे दर सेकंदास किती घनमीटर पाणी निघेल हे कळते. ०·३ गुणिले ६० गुणिले १०, भागिले ३६० : अर्धा घनमीटर. आता त्याच शेतावर वसाहत झाली. छपरे, फरशी, डांबर, काँक्रीट आले. प्रमाण ०·८ झाले. उत्तर येते १·३३ घनमीटर, म्हणजे अडीचपटीहून अधिक. पाऊस तोच, जमीन तीच, बाहेरचा नालाही बहुधा तोच! शिवाय गुळगुळीत पृष्ठावरून पाणी लौकर धावते. त्यामुळे अल्पकाळच्या जोरदार सरीचा हिशेब धरावा लागतो व आकडा आणखी वाढतो. जलविज्ञान व निचरा हे विषय म्हणजे हे सूत्र पाठ करणे नव्हे. त्यातील ०·३ व ०·८ हे आकडे कोठून आले, कोणत्या जमिनीस कोणता लावावा, वीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरावा की पन्नास वर्षांतून एकदा येणारा, ह्याचा विवेक करणे होय. वीस वर्षांनी एकदा येणाऱ्या पावसाचे शिक्षण कोणता मुकादम देणार?

येथे आपल्या श्रावकाचारातील एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. उपासकदशांग सूत्रात गृहस्थाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत भूमी फोडण्याचे स्फोटकर्म आहे. जुन्या पिढीतील काही घरांस बांधकामाचा धंदा नकोसा वाटे, त्याचे एक कारण हे असावे. त्याच यादीत तलाव, सरोवरे व डोह आटविणे हेही एक कर्मादान आहे. पहिल्याबद्दल आपण काळाबरोबर वाटाघाट केली. अर्थशास्त्राने म्हणा, गरजेने म्हणा, ती अटळ होती असे मानणारांशी मी वाद घालीत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र कोणी विचारच केलेला दिसत नाही, आणि सखल जमिनी व तळी भरून भूखंड पाडण्याचा उद्योग अनेक शहरांत राजरोस चालतो. तळे हे पुराच्या वेळी पाणी थोपवून धरणारे भांडे असते, हे जलविज्ञानाच्या पहिल्या दोन महिन्यांत शिकवितात. सूत्रकारांची दृष्टी त्या पाण्यातील जीवांवर होती. तथापि दोन्ही वाटा एकाच तळ्याच्या काठी येतात, हे नवल नव्हे काय?

पर्यावरणाच्या शाखेविषयीही असेच म्हणता येईल. पाणी गाळून प्यावे, आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडावेत, ही चाल आपल्या घरांत होती. अजूनही काही घरांत आहे. पाणी घेणे व परत देणे ह्या दोहोंची जबाबदारी घेणाऱ्याची, हे तिचे तत्त्व. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे सारे शास्त्र त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे आहे. मोठ्या वसाहतींना व कारखान्यांना आता स्वतःचे शुद्धीकरण केंद्र चालवावे लागते. ते बांधणारे पुष्कळ आहेत. त्यातील जिवाणूंस प्राणवायू किती लागतो, ते कशाने मरतात, हे जाणून चालविणारे थोडे. ज्या विद्यार्थ्यास रसायनाची आवड आहे त्याने हा विषय निःशंकपणे घ्यावा. बडोद्याच्या कलाभवनाची उभारणी १८९० साली ज्या त्रिभुवनदास गज्जरांनी केली ते मूळचे रसायनशास्त्रज्ञच होते. त्याच वास्तूत आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे.

रचनांच्या विषयांकडे हुशार विद्यार्थ्यांचा ओढा स्वभावतःच असतो, व तो योग्य आहे. येथेही चुकीचे फळ उशिरा येते आणि आले म्हणजे भयंकर येते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. वाहनांसाठी तळमजला भिंतींवाचून मोकळा ठेवलेल्या इमारती त्यांत ठळकपणे होत्या. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचे खांब एकटे, अशी ती रचना होती. भूकंपरोधक रचनेचा विषय घेणाऱ्यास ह्यातील बारकावे कळतात. उदाहरणार्थ, खांबातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवावीत असे मानक सांगते; कामावर ती पुष्कळदा ९० अंशांतच सोडितात, कारण वाकविणे सोपे जाते. रोजच्या भारास दोन्ही रिंगा सारख्याच दिसतात. जमीन हलली, बाहेरचे काँक्रीट सुटले, की ९० अंशांची रिंग उघडते. लोखंडाचा व्यापार करणाऱ्या आपल्या सभासदांनी हा ४५ अंशांचा फरक मुद्दाम ध्यानात ठेवावा. त्याला वजनात जवळजवळ काहीच पडत नाही.

आणि ९ जुलै २०२५ ची सकाळ आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? पादरा तालुक्यातील मुजपूरजवळ, महीवरील गंभीरा पुलाचा एक गाळा कोसळून वाहने नदीत पडली व किमान वीस माणसे प्राणांस मुकली. पूल १९८५ साली वाहतुकीस खुला झाला होता; पुलाच्या मानाने हे वय काही मोठे नव्हे. खांबावरील उशी व सांधा चिरडले गेल्याचे प्राथमिक चौकशीनंतर राज्य शासनाकडून सांगण्यात आले. एका गाळ्याची टोके दुसऱ्याच्या पुढे आलेल्या बाहूवर टेकवितात, तेथे हा सांधा असतो. पुलाचा सर्वांत नाजूक भाग हाच, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यास तो कधीच दिसत नाही. खालून, मचाण बांधून, पाहावा लागतो. आजवर आपल्या महाविद्यालयांत नवे बांधण्याचे शिक्षण भरपूर मिळाले, असलेले तपासण्याचे व सांभाळण्याचे थोडे. जुन्या रचनांची तपासणी व दुरुस्ती हा विषय जेथे यादीत असेल, तेथे तो आधी पाहावा. येत्या तीस वर्षांत ह्या देशात त्या कामास तोटा पडणार नाही.

रचनांच्या बाबतीत एक इशारा. संगणकावर इमारतीचे गणित करणाऱ्या प्रणाली, स्टाड, ईटॅब्स वगैरे, शिकणे म्हणजे रचनाशास्त्र शिकणे असा समज पसरला आहे. प्रणाली दोन-तीन महिन्यांत हातास येते आणि तिचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यासाठी ऐच्छिक विषयाची जागा खर्च करू नये. यंत्राने दिलेले उत्तर डोळ्यांसमोर ठेवून “हे असंभव आहे” असे म्हणता येणे, ही विद्या निराळी. तसेच तिसऱ्या वर्षी रचनाविश्लेषण ज्यास जड गेले, त्याने पूर्वप्रतिबलित काँक्रीट घेऊन स्वतःस शिक्षा करून घेऊ नये.

वाहतुकीच्या शाखेविषयी थोडेच सांगतो. ज्या संस्थानात १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेली गाडी रुळांवरून चालली, त्याच भूमीवरून आज ५०८ किलोमीटरांचा मुंबई-अहमदाबाद अतिजलद मार्ग बांधला जात आहे व रेल्वे-वाहतुकीचे गतिशक्ती विश्वविद्यालयही बडोद्यातच आहे. ज्यास नोकरी करावयाची आहे व घरचा व्यवसाय पाहावयाचा नाही, त्याने ह्या शाखेचा अवश्य विचार करावा.

माझ्या कसोटीवर एक आक्षेप येण्यासारखा आहे. ज्या मुलाच्या घरी धंदा नाही, वडील शिक्षक किंवा कारकून आहेत, त्यास दर, करार व हिशेब कोण शिकविणार? आक्षेप बरोबर आहे, आणि अशा विद्यार्थ्याने व्यवस्थापनाचा एक विषय घेणे शहाणपणाचेच ठरेल. कराराच्या कायद्यातील लवादासारखा भाग तर पेढीवरही शिकता येत नाही. मी लिहितो आहे ते ज्यांच्या घरी पेढी आहे त्यांच्यासाठी.

आता व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. विषयाचे नाव पाहून खूण करू नये. तो ह्या वर्षी कोण शिकविणार, प्रयोगशाळेत उपकरणे चालू आहेत की केवळ मांडून ठेविली आहेत, कामावर भेटी नेतात की नाही, ह्याची चौकशी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडे करावी. उत्तम शिक्षकाचा दुय्यम विषय हा दुय्यम शिक्षकाच्या उत्तम विषयाहून बहुधा अधिक देऊन जातो. ‘गेट’ परीक्षेसाठी अमुकच ऐच्छिक विषय घ्यावा लागतो ही समजूत निराधार आहे. त्या परीक्षेत स्थापत्याच्या सर्व मूळ शाखांवर प्रश्न येतात आणि त्या शाखा तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक शिकून झालेल्या असतात. दोन विषय एकमेकांस पूरक घ्यावेत : पाया व भूकंप, किंवा जलविज्ञान व पर्यावरण. चारही विषय एकाच शाखेचे घेण्याची घाई पदवीच्या पातळीवर करू नये. ते काम पदव्युत्तर अभ्यासाचे.

मुलींच्या बाबतीत “मातीपाण्याचे काम तिला जमणार नाही, तिला आराखड्यांचे काही दे” असे घरी म्हटले जाते. मातीची परीक्षा प्रयोगशाळेत होते, पुराचे गणित टेबलावर होते, आणि कामावर उभे राहण्यास लागणारी दोन पावले मुलामुलींची सारखीच असतात. ह्यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

राहिला प्रकल्प. तो कोठून तरी उतरून काढण्याची चाल फार बोकाळली आहे. घरचाच एखादा भूखंड घ्यावा. तीन ठिकाणी, तीन खोलींवरील मातीचे नमुने काढून वर सांगितलेली परीक्षा व बाकीच्या परीक्षा कराव्यात, आणि शेजारच्या जुन्या घरांच्या चिरा मोजून त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. किंवा आपल्या वसाहतीतून निघणाऱ्या पाण्याचे गणित करून प्रत्यक्ष पावसात नाल्याच्या तोंडाशी पाणी मोजावे व दोहोंतील फरक कशाने पडला ते शोधावे. रेसकोर्सवरील गुजरात अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, विभागाचे पत्र घेऊन, मातीच्या परीक्षा कशा चालतात ते पाहून यावे. पाण्याचा प्रकल्प करणाऱ्याने मात्र विषय उन्हाळ्याच्या सुटीतच ठरवावा व पर्जन्यमापक जूनपूर्वी गच्चीवर बसवावा. शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू होतात तेव्हा पावसाळा अर्धा सरलेला असतो, आणि दुसऱ्या सत्रात मोजावयास पाऊस मिळत नाही.